ऱ्ह

रात्रीचे पावणेबारा. सागरमाळावर कुत्रीसुद्धा गप्प.
प्रबंधाचं नाव मी चौकटीत टाकते,
'करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांची शब्दसंपदा',
आणि चौकट मला परत दाखवते: गुर्हाळ.

ज्या शब्दापायी सहा वर्षं
कोगे, वडणगे, बीडशेड पायाखाली घातलं
त्याच्याच पापणीवर घाव.
खोडते, पुन्हा टाकते. गुर्हाळ.
दुसरीकडून उचलून चिकटवते. गुर्हाळ.
आमचा हा एवढासा र,
वऱ्हाडातला, तऱ्हेवाईकांतला, दऱ्याखोऱ्यांतला,
कुठल्याशा सर्व्हरच्या गावीच नाही.

मग म्हणाला, फाइल मोठी आहे.
पंचवीस एमबीच्या आत या.
ईश्वरा गुळव्याच्या काहिलीचा फोटो
मी दाबत गेले, दाबत गेले,
आठ फुटी काहील
शेवटी चहाच्या गाळणीएवढी.
वाफ तर आधीच गेली होती.

साम्य चौदा टक्के. कुणाशी?
माझ्याच दोन वर्षांपूर्वीच्या लेखाशी.
माझ्या घरात मीच चोर,
पंचनाम्यावर सहीही माझीच.
ओटीपी गेला सरांच्या मोबाइलवर
आणि सर आजऱ्यात, भावकीतल्या लग्नाला, रेंजच्या पलीकडं.
मी यंत्र नाही हे सिद्ध करायला
नऊ चित्रांतले सिग्नल ओळखले.
एक खांब सोडला.
तो सिग्नलचाच होता म्हणे.

पण खरं सांगते.
नंदिनीताई कुरणे, माझ्या आधी सोळा वर्षं,
पाच प्रती बांधून घ्यायला राजारामपुरीत चार खेपा,
लाल रेग्झिन, सोनेरी अक्षरं,
मग ते ओझं पोटाशी धरून तीन जिने,
आणि पोटात सातवा महिना.
'साहेब जेवायला गेलेत.'
साहेबांचं जेवण चारपर्यंत चालायचं.
आणि आल्यावर आडनाव वाचून
ते जे अर्धं मिनिट थांबले,
वर बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं...
ताई म्हणते, प्रबंधात काय लिहिलं होतं ते विसरले गं,
ते अर्धं मिनिट तेवढं राहिलंय.

ही चौकट थांबली नाही.
आडनाव टाकलं, हिरवी खूण आली, पुढं सरकली.
ती जेवायला जात नाही.
'कुणाची गं तू?' विचारत नाही.
तिच्या लेखी मी कुणीच नाही,
आणि हे कुणीच नसणं
आज पहिल्यांदा जिभेला गोड लागलं.

दोन वाजता सरांचा निरोप आला,
सहा आकडे, मागंपुढं एक शब्द नाही.
फाइल चढायला लागली आणि
नव्व्याण्णव टक्क्यांवर बसली.
गूळ झाला का, हे ईश्वराकाका
गार पाण्यात थेंब सोडून बघतो,
बोटांत गोळी वळली की ओरडतो, 'उतरा!'
इथं मी कुठं बोट बुडवू?
पलीकडच्या खोलीतून आई,
अर्धवट झोपेत:
'अजून तुझं गुऱ्हाळ चालूच का?'

तिच्या तोंडात ऱ्ह अख्खा होता.

पावती आली. दोन एकोणपन्नास.
खुर्चीतच हसले, मग जरा रडले,
जिना नाही, पेढे नाहीत, कुणाला सांगायचं?
सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्समधून छापून आणली,
आणि शीर्षकातला तो रफार खोडून
काळ्या पेननं बारीकशी पापणी काढली.

मदत कक्षालाही लिहिलंय, सविस्तर,
उदाहरणं देऊन.
उत्तर लगेच आलं, तक्रार क्रमांकासकट:
'गुर्हाळ या शब्दाबाबतची आपली अडचण
आम्हाला समजली आहे.'